दोनशे लिटर समुद्र आणि काळी चार

पंख्याच्या खोक्यावर पाच-सहा आकडे छापलेले असतात. व्यास, आरपीएम, सीएफएम, पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेला दाब, डेसिबल. कुठे डेसिबलऐवजी सोन. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. हा पंखा माशांच्या टाकीतलं पाणी किती अंशांनी खाली आणेल? आणि तो चालू असताना सासूबाईंना पहाटे तंबोरा लावून बसता येईल का? खोक्यावरचा एकही आकडा यातल्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर देत नव्हता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सायलेंट आहे." शेजारच्या पंख्यावरही तेच लिहिलेलं होतं, आणि त्याच्या शेजारच्यावरही.

आमची खाऱ्या पाण्याची रीफ टाकी पुण्यातल्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात आहे. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. कॅबिनेटच्या आतली सम्प, म्हणजे पंप आणि स्किमर बसतात ती खालची टाकी, धरली की एकूण पाणी २०० लिटरच्या घरात जातं. रीफ टाकी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फांद्या फुटलेले दगडी प्रवाळ येतात. ते आपल्याकडे घरात ठेवता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काळे प्रवाळ आणि समुद्रपंखेही. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. त्यामुळे माझ्याकडे मश्रूम, झोएंथिड आणि एक लेदर कोरल एवढाच मऊ परिवार आहे, हॅचरीत वाढलेली क्लाउनफिशची जोडी आहे, आणि दगड सगळे सिरॅमिकचे आहेत.

मऊ असले तरी हे जीवही उन्हाळ्याला हळवेच. त्यांच्या पेशींत झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. पाणी फार तापलं की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर पडतं आणि प्राणी पांढरा पडतो. त्यासाठी फार मोठी वाढ लागत नाही: समुद्रातल्या त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याची जी सरासरी, तिच्या वर १ अंश तापमान काही आठवडे टिकलं की ब्लीचिंगचा धोका सुरू होतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये ते भोगलं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग चालू असल्याचं जाहीर झालं. आपल्याच किनाऱ्यावर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिथलं पाणी तापलं तर कुणी जाऊन पंखा लावू शकत नाही. माझं २०० लिटर पाणी मात्र माझ्या हातात आहे. एप्रिलच्या दुपारी त्याचा थर्मामीटर ३१ दाखवू लागला, मश्रूम आक्रसून दगडाला चिकटले आणि मासे पृष्ठभागाजवळ भराभर कल्ले हलवू लागले, तेव्हा ते मला बघवेना. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सव्वासहाच्या आसपास. त्यातच उष्णतेने माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. मला पाणी २६ ते २७ च्या मध्ये ठेवायचं होतं.

टाकीच्या काठाला चिमट्याने अडकवायचा, एका पट्टीत चार इवले पंखे असलेला कूलिंग फॅन ॲक्वेरियमच्या दुकानात सहज मिळतो. तो लावला आणि संध्याकाळपर्यंत पाणी २८ वर आलं. कॉम्प्रेसर न लावता, नुसती हवा फिरवून पाणी एवढं उतरतं याचं मला फार अप्रूप वाटलं. पण इवल्या पात्यांना तेवढी हवा ढकलायची तर फार वेगाने फिरावं लागतं, आणि त्यातून निघणारी बारीक शीळ भिंतीपलीकडच्या खोलीतही पोचत होती. दुसरा पंखा मी बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून आणला. संगणकाच्या कॅबिनेटमध्ये बसतो तसा, १२० मिलिमीटरचा, ७ पात्यांचा, १२ व्होल्टवर चालणारा. शीळ गेली. खालच्या पट्टीतली एक संथ घूं उरली, आणि माझ्या कानाला ती चालण्यासारखी होती.

पहाटे सासूबाईंनी छताचा पंखा बंद केला, तंबोरा घेतला, खुंटी दोन-तीनदा पिळली आणि मला हाक मारली.

"अगं, तुझा पंखा माझ्या षड्जाच्या जरा वर लागलाय."

"मोठा आहे का आवाज, आई? बंद करू का?"

"मोठा नाहीये. पण मी काळी चारला बसते आणि तो काळी चारच्या किंचित वर बसलाय. लाट येते बघ. तुम्ही मासे जगवताय, बंद कशाला करायचा? त्याला जरा हलव तिथून."

लाट खरंच येत होती. सेकंदाला दोन-तीनदा फुगायची आणि ओसरायची. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळत आल्या की अशीच लाट येते, ती लांबत जाते आणि तारा जुळल्या की नाहीशी होते, असं त्यांनी मला दोन तारा छेडून ऐकवलं. मी कागद घेऊन बसले. पंख्याचं प्रत्येक पातं चौकटीच्या दांड्यांजवळून जाताना हवेला एक धक्का देतं. ७ पाती, मिनिटाला १८०० फेरे. म्हणजे सेकंदाला ३० फेरे आणि २१० धक्के. हा झाला पंख्याचा सूर, २१० हर्ट्झ. सासूबाईंचा काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, षड्ज २०७.६ च्या जवळ. फरक अडीचला थोडा कमी, आणि लाटाही सेकंदाला तेवढ्याच. अर्ध्या स्वराच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढं अंतर, पण त्यांनी ते खुंटी पिळता पिळता पकडलं होतं.

तोवर मी डेसिबलच्या मागे होते. डेसिबल एवढंच सांगतो की आवाज किती. कोणत्या सुरात, अखंड की तुटक, सरळ की लाटेचा, याबद्दल तो गप्प असतो. त्याच्या आकड्याचं वाचनही मला शिकावं लागलं. हे माप साध्या बेरजेचं नाही: एकसारखे दोन पंखे शेजारी लावले तर आवाज दुप्पट आकड्यावर जात नाही, ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. आकडा मोजतात तो बहुधा १ मीटरवरून, निवांत खोलीत, मोकळ्यावर टांगलेल्या पंख्याचा. तोच पंखा लाकडी कॅबिनेटला स्क्रूने आवळल्यावर काय बोलेल हे तिथे कुणी मोजलेलं नसतं. सोन हे माप मात्र कानाच्या अंदाजाने चालतं, २ सोन म्हणजे १ सोनच्या दुप्पट. आर्क्टिकच्या पी१२ वर ०.३ सोन आणि नॉक्टुआच्या एनएफ-ए१२ वर २२.६ डेसिबल असं वाचून या दोघांत शांत कोण ते ठरवू पाहणं म्हणजे किलो आणि मीटरची तुलना. मी तसा प्रयत्न सोडून दिला.

सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, आणि तीही पुढे काहीच अडथळा नसताना. दाबाचा आकडा उपयोगी पडतो तो पंख्याला जाळीतून किंवा रेडिएटरच्या दाट पत्र्यांतून हवा ढकलायची असेल तेव्हा. माझ्या पंख्याला उघड्या पाण्यावरून हवा सोडायची होती. एक आकडा पूर्ण बाजूला ठेवता आला, तेव्हा मला फार हलकं वाटलं.

गुंता खऱ्या अर्थाने सुटू लागला तो पाण्याच्या बाजूने. पंखा स्वतः काहीच थंड करत नाही. पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पंखा पृष्ठभागावरची दमट हवा सारून तिच्या जागी कोरडी हवा आणतो, एवढंच. नागपूरचा कूलर याच तत्त्वावर चालतो. टाकीतलं १ लिटर पाणी उडायला सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता लागते. आणि २०० लिटर समुद्राचं पाणी १ अंशाने उतरवायचं तर सुमारे ८२० किलोज्यूल बाहेर काढावे लागतात. म्हणजे १ लिटर उडालं की जवळजवळ ३ अंशांचं काम होतं. हेच दिवसाच्या २४ तासांवर पसरलं तर दिवसाला १ लिटर म्हणजे सतत २८ वॅट उष्णता बाहेर. हा २८ चा आकडा मी टाकीच्या कॅबिनेटच्या दारावर आतून लिहून ठेवला आहे. पंख्याच्या कुठल्याही खोक्यावर तो नसतो आणि माझ्या लेखी सगळ्या खरेदीचा पाया तोच आहे.

कारण आता उलट प्रश्न विचारता आला: पाण्यात उष्णता येते कुठून? काही तापलेल्या खोलीतून काचेवाटे येते. त्याला इलाज नाही. काही दिव्यांतून येते. आणि खालून पाणी वर चढवणारा पंप ४० वॅटचा होता, पाण्यात बुडालेला. बुडालेल्या पंपाने खाल्लेली सगळी वीज शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उरते. तो बदलून १८ वॅटचा डीसी पंप बसवला. २२ वॅट कमी झाले, म्हणजे दिवसाला पाऊण लिटर कमी उडवलं तरी चालणार. दिवे दुपारी १२ ऐवजी ४ ला लागतील असं टायमरवर लावलं. प्रवाळांना आठ तास उजेड हवा, तो कुठले आठ तास याची त्यांना फिकीर नसते. भर दुपारचा ताण त्याने उतरला. शांत पंखा शोधणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगेन. पंख्यावर टाकलेलं ओझं कमी केलं की पंखा हळू फिरवता येतो, आणि आवाज कमी करायचा याहून खात्रीचा मार्ग मला सापडलेला नाही.

उरलेलं ओझं किती, तेही पाण्यानेच सांगितलं. उडालेल्या पाण्याची भर ज्या कॅनमधून घालते त्यावर मार्करने लिटरच्या रेघा मारल्या. पुण्याच्या कडक उन्हाळ्यात २७ च्या खाली राहायला दिवसाला तीन-साडेतीन लिटर पाणी उडावं लागतं, असं रेघांवरून दिसलं. त्यावरून हवेचा अंदाज बांधला. खोलीत दुपारी ३४ अंश आणि २८ टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत साधारण साडेदहा ग्रॅम बाष्प असतं. टाकीच्या पाण्याच्या तापमानाला ती २५ ग्रॅमपर्यंत पिऊ शकते. पाण्यावरून झटकन निघून जाणारी हवा त्यातला थोडाच भाग उचलेल, म्हणून मी घनमीटरमागे २ ग्रॅमच धरले. तरी तासाला ७५ घनमीटरच्या आत काम भागत होतं. संगणकाच्या एका मोठ्या पंख्याला ही हवा निम्म्या वेगाने देता येते.

इथे पंख्यांचे नियम समजून घेताना मला जो आनंद झाला तो सांगितलाच पाहिजे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते. आवाज मात्र निम्मा होऊन थांबत नाही. तो सुमारे १५ डेसिबलने कोसळतो. म्हणजे पूर्ण वेगाच्या एका पंख्याऐवजी अर्ध्या वेगाचे दोन पंखे लावले तर हवा तेवढीच मिळते, दुसऱ्या पंख्याचे ३ डेसिबल वाढतात, आणि तरी निव्वळ १२ डेसिबलची सूट पदरात पडते. मला हे कागदावर खरं वाटेना, म्हणून नॉक्टुआच्या १४० मिलिमीटरच्या एनएफ-ए१४ चं माहितीपत्रक काढून पडताळलं. १५०० आरपीएमला २४.६ डेसिबल, वेग कमी करणारा ॲडॉप्टर लावला की १२०० आरपीएमला १९.२. सूत्राने १९.८ येतं. सूत्र आणि पत्रक इतकं जवळ आल्यावर धीर आला. हाच पंखा ७५० ला फिरवला तर तासाला ७० घनमीटर हवा आणि दहाच्या खाली डेसिबल; रात्रीच्या शांत खोलीचा स्वतःचा आवाजही त्याहून कितीतरी वर असतो.

मी तेच दोन घेतले. बिननावाच्या पंख्यापेक्षा ते खूप महाग पडतात, आणि त्यांचा बदामी-तपकिरी रंग दिवाणखान्यात खपून जात नाही. पण मिठाच्या हवेत बेअरिंग टिकणं मला महत्त्वाचं होतं, आणि पंखा ३०० आरपीएमपर्यंत खाली उतरवता येतो हेही. ज्यांच्या घरी तंबोरा नाही त्यांना आर्क्टिकचे पी१४ घेऊन, तेही हळू फिरवून, बरेच पैसे वाचवता येतील. व्यास मोठा आणि वेग कमी, एवढं धरून ठेवलं की ब्रँडचा प्रश्न पुष्कळ सौम्य होतो.

वेग कमी करायचा कसा, यातही एक खाच आहे. चार तारांच्या पंख्याला वेगाचा इशारा वेगळ्या तारेने जातो, सेकंदाला २५,००० वेळा. तो माणसाच्या कानाच्या पलीकडचा. दोन तारांच्या पंख्याला स्वस्तातला रेग्युलेटर जोडला तर काही रेग्युलेटर वीजच तोडून तोडून देतात, आणि ते तोडणं ऐकू येण्याच्या टप्प्यात असेल तर मोटार त्या सुरात गाऊ लागते. म्हणून चार तारांचा पंखा आणि त्याला साजेसा पीडब्ल्यूएम कंट्रोलर घ्यावा. माझा कंट्रोलर पाण्यात सोडलेल्या सेन्सरवरून वेग ठरवतो: २६ च्या खाली ५०० आरपीएम, वर चढत गेलं तसा वेगही चढतो. आधी मी चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट लावून पाहिला होता. पण रिलेची टक् आणि पाठोपाठ जागा होणारा पंखा कानाला लगेच टोचतो. सतत चालणारा मंद आवाज मन काही वेळाने सोडून देतं.

बसवण्यात जेवढा वेळ गेला तेवढा निवडण्यातही गेला नव्हता. पहिल्यांदा पंखे कॅबिनेटच्या पाठीला लावले, आणि हातात धरल्यावर ऐकू न येणारा पंखा घुमू लागला. पोकळ लाकूड तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम करत होतं. स्क्रू काढून सिलिकॉनच्या मऊ खुंट्यांवर पंखे टांगले, तेव्हा ते घुमणं थांबलं. भिंतीपासून चार बोटं अंतर सोडलं, कारण हवा ओढण्याच्या बाजूला जवळ काहीही आलं, पडद्याची कड आली तरी, पात्यांवर फाटकी हवा येते आणि आवाज चढतो. पंखे हवा आत फेकतात, बाहेर ओढत नाहीत. ओढणारा पंखा खारट, दमट हवा स्वतःच्या पोटातून नेतो आणि लवकर गंजतो. उभी फुंकर मारण्यापेक्षा पाण्याला घासून जाईल अशी तिरपी हवा बरी. पाण्यावर शिंतोडे उडत नाहीत, टाकीची पूर्ण लांबी वापरली जाते. काचेचं झाकण अर्थातच काढावं लागलं. त्या जागी बारीक जाळी ताणली, कारण समुद्री मासे उडी मारतात. पंखे जाळीच्या खालून फुंकतात, तिच्यातून नाही.

दोन्ही पंखे एकाच वेगावर ठेवले तर ते तंतोतंत एका वेगाने कधीच फिरत नाहीत. एक ७५०, दुसरा ७५८ असं काहीतरी होतं, आणि त्यांच्या दोघांत मिळून फार सावकाश येणारी लाट तयार होते. ती सासूबाईंनीच ऐकली, कान टाकीजवळ नेऊन. "हे दोघं एकमेकांना जुळवून घेताहेत आणि जुळत नाहीयेत," त्या म्हणाल्या. मी एकाचा वेग मुद्दाम वाढवून ८२० केला; फरक पुरेसा झाला की लाट इतकी जलद होते की कान तिच्यामागे धावत नाही. हळू चालणाऱ्या ७ पात्यांच्या पंख्याचा सूर ८७.५ हर्ट्झला येतो. काळी चारच्या हिशेबाने तो फार खालचा शुद्ध धैवत. "भूप गाताना मला चालेल," त्यांनी सांगून टाकलं, आणि त्या सकाळी भूपच गायल्या.

विजेबद्दल मी कुणालाही ढिलं राहू देणार नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये बसतात ते २३० व्होल्टचे चार इंची पंखे स्वस्त आणि दणकट असतात, पण उघड्या खाऱ्या पाण्यावर २३० व्होल्ट टांगू नयेत. १२ व्होल्टच घ्यावेत आणि ॲडॉप्टर टाकीपासून दूर ठेवावा. टाकीकडून येणारी प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, सॉकेटपर्यंत पोचत नाही. आणि टाकीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, असलाच पाहिजे.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. २०० लिटरमधून रोज ३ लिटर गेले आणि भर घातली नाही तर ३५ ची क्षारता आठवड्यात ३९ वर जाते. उष्णतेतून वाचवलेले जीव मिठाने जातील. भर गोड्या पाण्याचीच घालायची, तीही आरओच्या, कारण सोसायटीच्या बोअरचे क्षार रोज तीन लिटरमागे टाकीत साठत राहतात. हाताने दिवसातून एकदा तीन लिटर ओतणं मला पटेना. सम्पमध्ये फ्लोट लावून थेंब थेंब भर पडेल अशी सोय केली, आणि ज्या दिवशी ती चालू झाली त्या दिवशी मला पंख्यांची व्यवस्था पूर्ण झाल्यासारखी वाटली. घरातल्या हवेत रोज तीन लिटर बाष्प जातं हेही विसरून चालत नाही. उन्हाळ्यात पुण्याच्या कोरड्या हवेत ते सुखद वाटतं. खिडकी मात्र उघडी हवी, नाहीतर तेच बाष्प पंख्याकडे परत येतं.

पंख्याची मर्यादा हवाच ठरवते. थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळून हवेत धरला की जे तापमान येतं, त्याच्या खाली पंखा पाण्याला नेऊ शकत नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला हे ओलं तापमान २१ च्या जवळ असतं. पंख्याला खेळायला भरपूर जागा. पावसाळ्यात ते चढतं, पण तेव्हा इथली हवाच थंड असते आणि पंखे किमान वेगावर पडून असतात. मुंबईत मात्र मे महिन्यात ३३ अंश आणि ६५ टक्क्यांना ते साडेसत्तावीस येतं, आणि पावसाळ्यात ३० अंश व ८५ टक्क्यांना जवळजवळ २८.

माझा मावसभाऊ दादरला राहतो. माझी टाकी पाहून त्यानेही एक लावली आणि माझ्यासारखेच दोन मोठे पंखे मागवणार होता. मी त्याला आधी एक बाटली पाणी, एक थर्मामीटर आणि ओलं फडकं घेऊन बाल्कनीत उभं केलं. आकडा २७ च्या वर आला. तिथे कितीही शांत, कितीही महाग पंखा २६ अंश देणार नव्हता. त्याला चिलरच लागणार होता. चिलरचा कॉम्प्रेसर खोलीत ठेवला तर आवाज तर होतोच, शिवाय पाण्यातून काढलेली उष्णता त्याच खोलीत ओतली जाते, म्हणून तो बाल्कनीत ठेवायचं ठरलं आणि भिंतीतून दोन नळ्या आत घेतल्या. त्याआधी त्याने बुडालेला मोठा पंप बदलून डीसी पंप घेतला आणि दिव्यांची वेळ रात्रीकडे सरकवली. दुकानदाराने सुचवलेल्या चिलरपेक्षा एक आकार लहान चिलर त्याला पुरला.